गालातला कापूस

माझ्या फोटोंवर आमच्या मुरुम गावच्या शेकडो पोरींची लग्नं जमली, असं मी फुशारकीनं सांगत आलोय. त्यातलं एक लग्न मात्र मी कधी मोजत नाही.

ते एकसष्ट साल. मी विशीतला, स्टुडिओ नवा. भिंतीवर सिनेमातल्या नट्यांची चित्रं लावलेली. गोल चेहरे, भरलेले गाल, दुहेरी हनुवट्या. वरपक्षालाही तसलंच तोंड हवं असायचं. सतरा वर्षांची म्हाळसा आली ती चिपाडासारखी. तिचा बाप रडकुंडीला आलेला. मी डोकं चालवलं आणि तिच्या दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले. "बरं वाटतंय का?" असं विचारलं, तर तोंड मिटून तिनं नुसती मान हलवली.

लांबच्या स्थळानं फोटोवरच होकार कळवला. मांडवात अंतरपाट बाजूला झाला आणि सासू ओरडली, "फोटुतली पोरगी ही न्हाय!" लग्न मोडलं नाही, पण नवऱ्यानं तिला कायम 'काडी' म्हटलं आणि एक मुलगा झाल्यावर दुसरी आणली. म्हाळसा मुलाला घेऊन माहेरी आली, ती इथंच राहिली. पाच-सहा वर्षांत पडद्यावर बारीक कमरेच्या नट्या आल्या. मी भिंतीवरची चित्रं बदलली आणि गावातल्या पोरी पोट आत ओढून फोटोला उभ्या राहू लागल्या. म्हाळसा थोडी लवकर जन्मली, एवढाच तिचा गुन्हा. माझा त्याहून मोठा.

परवा म्हाळसाबाई नातीला, सृष्टीला, घेऊन स्टुडिओत आली. स्टुडिओ आता माझा मुलगा राजशेखर बघतो, मी कोपऱ्यात खुर्ची अडवून बसतो. सृष्टीचा चेहरा गोल, गालावर खळी. एकसष्ट साली असती तर मी तिचा फोटो दर्शनी काचेत लावला असता.

तिनं मोबाइलवर आजच्या एका नटीचा फोटो दाखवला. "काका, माझे गाल असे आत घ्या. जाड आहे म्हणून दोन स्थळं गेली. आताचा मुलगा पुण्याचा आहे, फोटो आवडला तरच बघायला येणार."

राजशेखरनं माउस फिरवला. गाल आत जाऊ लागले. म्हाळसाबाई स्टुलावर बसून बघत होती. दात गेल्यामुळं तिचे स्वतःचे गाल पार खोल गेलेले.

"राजू, लई आत घिऊ नगं," ती म्हणाली. "बगायला आल्यावर कापूस काडावाच लागतो."

"कसला कापूस, आज्जी?" सृष्टीनं विचारलं.

"ह्या अप्पास्नी इचार. त्यांनीच माज्या गालात घातला व्हता. आता नाकात घालायचा तेवढा ऱ्हायलाय."

सृष्टी हसत माझ्याकडं वळली. तेव्हाच बोलायला हवं होतं. पोरी, तुझ्या आजीचं वाटोळं मी केलं, तू हे करू नकोस, एवढंच सांगायचं होतं. पण समोर मुलगा बसलेला आणि मागं साठ वर्षांचं नाव.

"काय न्हाय बाळा, जुन्या काळची गंमत," मी म्हणालो. लाज वाटली, तरी म्हणालो.

फोटो छापून आला. लांबट तोंडाची कुणी दुसरीच मुलगी होती ती. सृष्टी हरखून गेली. आजीसमोर फोटो धरून म्हणाली, "छान आलाय ना गं?"

म्हाळसाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग तोंड मिटून तिनं नुसती मान हलवली.