दिपमालाच्या परसातली ऊबमाता

सकाळचे साडेसहा वाजले होते. जानेवारीची थंडी अशी की भडगावात बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. त्या वाफेला मात्र कोणी हात जोडत नव्हतं. हात जोडले जात होते ते दिपमालाच्या परसातल्या ढिगाला. ढिगावर झेंडूचे हार, बाजूला भगवा पडदा, मधून वाफ निघतेय आणि रांग थेट पिठाच्या गिरणीपर्यंत.

"ही वाफ नाही, आईचा श्वास आहे!" झुलाल महाराज त्रिशूळ आपटून सांगत. "बाहेर हिमालय, आत ज्वालामुखी! तेल नाही, वात नाही, वीज नाही, बिल नाही! बोला, ऊबमाता की..."

"जय!"

रांग मी लावत होतो. मी प्रेमराज, एसटीतला निवृत्त कंडक्टर. महाराजांनी पहिल्याच दिवशी मला हेरलं. "नाना, गर्दी तुम्हीच सांभाळायची." परसात एक घंटा टांगलेली होती. दोनदा वाजवली की पुढचा भक्त पुढे, एकदा वाजवली की थांबा. बुवाबाजीवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी चहाच्या टपरीवर रोज ठणकावून सांगतो. पण निवृत्तीनंतर चार वर्षांनी शंभर माणसं माझ्या घंटीवर हलत होती आणि मला ते आवडत होतं. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

ढीग कुठून आला हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. डिसेंबरच्या शेवटी गल्लीची भरीत पार्टी झाली, तेव्हा मणभर वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली होती. त्यांची सालं, देठं, कांद्याच्या पातीचा कचरा, खरकटी केळीची पानं, सगळं दिपमालाने मागून नेलं. ती अंगणवाडीसेविका. दर हिवाळ्यात परसात खत करते. ओल्या कचऱ्यावर वाळका पाला, पुन्हा ओला, पुन्हा पाला, हवेसाठी मध्ये भोकं पाडलेला पाइप आणि थंडी लागू नये म्हणून वरून गोणपाट. एवढं करून ती लेकीच्या बाळंतपणाला सुरतला गेली. घराला कुलूप, परसाला नुसतं कुंपण. चौथ्या दिवशी पहाटे शेजारच्या सुनंदाबाईला वाफ दिसली, दुपारपर्यंत झुलाल महाराज उगवले आणि 'कचरा' हा शब्द गल्लीतून हद्दपार झाला. आमच्याच वांग्यांच्या देठांना आम्ही साष्टांग घालू लागलो.

भक्त गुळाचं पाणी ओतत, ताक ओतत, वाळकी फुलं वाहत. दर चौथ्या रात्री पडदा ओढून महाराज आत जात. "आई कूस पालटतेय. बघेल तो आंधळा होईल!" सकाळी वाफ दुप्पट.

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग माझी थोरली बहीण धुरपदाबाई रांगेत उभी राहिली.

तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. ती माझ्याकडेच राहते. साखरेचा आजार जुना, डाव्या पायाची जखम महिनाभर भरत नव्हती. डॉक्टरांनी जळगावला न्यायला सांगितलं होतं. महाराजांनी सांगितलं, रोज अर्धा तास पाय आईच्या कुशीत. आठ दिवसांनी अक्का ओरडली, "मना पाय आते दुखस नही!" नारळ फुटले. तिने गोळ्या बंद केल्या, पट्टी सोडली. घरात वास येऊ लागला. मी दोनदा टोकलं, तिने दोनदा झिडकारलं, आणि सकाळी मी पुन्हा घंटेपाशी उभा.

तिसऱ्या आठवड्यात दिपमाला परतली. हातात बॅग, समोर रांग. ती आत शिरली तर सुनंदाबाई म्हणाली, "लाइननी ये ना!"

"माझ्याच परसात?" दिपमाला म्हणाली. मग तिचं लक्ष अक्काच्या पायाकडे गेलं आणि ती बॅग टाकून खाली बसली. "नाना, हा पाय आजच जळगावला न्या."

"माले कोठेच जानं नही," अक्का म्हणाली. "देवीनी बरा करा मना पाय. बठ्ठा लोके खोटा शेतस का? तूच एकली शानी शे का?"

सगळे खोटे आणि आपणच शहाण्या का, या प्रश्नावर दिपमाला वाद घालत बसली नाही. रांगेतल्या बायकांनी गूळ-ताक आणि चौथ्या रात्रीचं कूस पालटणं सांगितलं, तसा महाराजांच्या हातातला त्रिशूळ तिने काढून घेतला आणि टोकं निरखली. एका टोकात वांग्याचं देठ अडकलं होतं.

"रोपवाटिकेत कामाला होतात ना तुम्ही? ढीग चौथ्या दिवशी उलटायचा हे त्याशिवाय कोणाला सुचतं?"

"हात लावशील तर भस्म होशील!" महाराज गरजले.

"लावते." तिने त्रिशूळ ढिगात खुपसला आणि माती पसरावी तसा ढीग पसरायला लागली. बायकांनी डोळे झाकले. तेवढ्यात आतून ठण्ण झालं. काळ्या खतातून एक स्टीलची वाटी निघाली. दिपमालाने ती पदराने पुसली आणि वाचलं, "सौ. सुनंदाबाई."

"अगं बाई! ही तर भरताच्या दिवशी हरवली होती!" सुनंदाबाई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली.

"यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात," दिपमाला म्हणाली. "ते कचरा खातात, त्यातून ऊब निघते. ढीग मोठा आणि झाकलेला असला की ती आत कोंडून राहते. तुम्ही गूळ-ताक घालून त्यांना जेवू घातलंत, महाराजांनी उलटून हवा दिली. उन्हाळ्यातही वाफ निघते, फक्त दिसत नाही. थंडीत दिसली, एवढंच."

पसरलेल्या ढिगातून एकच मोठा लोट उठला, आणि पंधरा मिनिटांत सगळं थंडगार. दोघातिघांनी हात घालून पाहिला.

"देवी रुसून गिरणा नदीच्या काठी गेली!" महाराज म्हणाले. कोणीतरी हसलं.

"मंग मना पाय?" अक्काने विचारलं. "त्याना दुखना कसा गया?"

दिपमाला तिच्यापाशी बसली. "अक्का, डोळे मिटा. मी एक बोट धरते. कोणतं ते सांगा."

अक्काने डोळे मिटले. दिपमालाने डाव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला, स्वतःची नखं पांढरी पडेपर्यंत दाबला. रांग वाकून बघत होती.

"धर ना लवकर," अक्का म्हणाली. "वाट काय देखस?"

अंगठा अजून चिमटीतच होता. अक्काने डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि तिचा चेहरा मला बघवेना. पाय बरा झाला नव्हता, साखरेच्या आजाराने बधिर झाला होता. आठ-दहा दिवस तो ढिगात भाजत होता आणि तिला कळत नव्हतं.

"नाना, घंटी द्या! पुढचा भक्त!" महाराज अजूनही ओरडत होते.

मी घंटी दिली. एकदाच.

रांग थांबली. अक्काला मी उचललं, सुनंदाबाईने रिक्षा आणली. महाराज त्रिशूळ टाकून एरंडोलच्या बसने पसार झाले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिपमालाने केली, सही मीही केली.

जळगावला अक्काची दोन बोटं कापावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस उशीर झाला असता तर पाय गेला असता. त्या दोन बोटांतलं एक माझ्या हिशोबी आहे, आणि ते मी विसरणार नाही. ज्याचा विश्वास होता तो फसला. माझा नव्हता, तरी मी रांग लावत होतो. म्हणून सांगतो, नमस्कार करण्याआधी विचारा, हे कशामुळे होतं? आणि उत्तर माहीत असेल तर टपरीवर नको, रांगेत उभं राहून मोठ्याने सांगा.

ढीग आता पुन्हा रचलाय. चौथ्या दिवशी पुन्हा वाफ निघाली. अक्का काठी घेऊन सकाळी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसते, हात शेकते. परवा बाहेरगावची एक बाई वाफ बघून हात जोडून उभी राहिली. अक्काने आधी तिला स्वतःचा डावा पाय दाखवला.

मग म्हणाली, "हात नको जोडू, माय. ढिगमा टाकाले घरथून देठं लई ये."