फेस बसेपर्यंत

माझी नात शॅरन तिसगावच्या पंपावर नवीन लागली होती. मी तिचा डबा द्यायला गेले, तेव्हा डिझेल घ्यायला आलेले गोरक्षनाना तिच्यावर तापले होते.

"पोरी, डिझेल कमी देतीस. माप आन!"

शॅरनने पाच लिटरचं माप भरलं. डिझेल खुणेच्या खाली, वर नुसता फेस. मालक बाहेर आले. पोरीची नोकरी चालली, असंच मला वाटलं.

मग आमचे हे आठवले. याच पंपावर ते हाताने दांडा फिरवून डिझेल भरायचे. फेस बसल्याशिवाय माप बघू नये, म्हणायचे.

"नाना, दम धरा. चहा घ्या तोवर," मी म्हणाले.

चहा संपला, फेस बसला. डिझेल बरोबर खुणेवर आलं.

"माप बरोबर हाय," नाना म्हणाले, "पन चहात साखर कमी हुती."