काचेतलं पाणी

बूच वितळलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे.

बंद पडलेल्या मातीच्या खाणीत, जुनी यंत्रं चालती ठेवणाऱ्या आमच्या हौशी मंडळाचं एक जुनं, वाफेवर चालणारं खोदयंत्र आहे. आम्ही तिला थोरली म्हणतो, कारण शेडमध्ये पाणी उपसायचं एक छोटं इंजिनही आहे आणि ती धाकटी. थोरली एखाद्या खोलीएवढी आहे. लोखंडी चौथऱ्यावर बॉयलर, पुढे लांब दांडा, दांड्याच्या टोकाला दात असलेली बादली. महिन्यातून एका रविवारी आम्ही तिला पेटवतो, लोकांना माती खणून दाखवतो आणि ते गेले की तीच माती पुन्हा खड्ड्यात लोटतो. आई म्हणते, "एवढे शिकलेसवरलेले लोक, आणि खड्डा खणून बुजवायला जातात."

थोरलीचे चालक माझे बाबा. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणजे दुसऱ्यांना वर पाठवलं. इथे मात्र ते स्वतः वर बसतात आणि सगळे खाली उभे राहून त्यांच्याकडे बघतात. कोळसा टाकायला मामा. तो आईचा धाकटा भाऊ, धंद्याने शिंपी. मी रसायनशास्त्र शिकले, म्हणून बॉयलरच्या पाण्याची तपासणी माझ्याकडे आली.

त्या रविवारी खाणीच्या जुन्या मालकांची सून आली होती, मुलांना घेऊन. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाबांनी त्यांना वर घेतलं, बॉयलरच्या शेजारी उभं केलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी बाजूला काचेची उभी नळी असते, वरून वाफेशी आणि खालून पाण्याशी जोडलेली. आत पाणी जेवढं, तेवढंच काचेत. पण खालची वाट क्षाराने बुजली तर काच खोटं बोलू लागते. वरून वाफ येत राहते, काचेत निवून तिचं पाणी होतं, आणि बॉयलर रिकामा होत असताना काचेतलं पाणी उलट वाढतं. म्हणून पेटवल्यावर, यंत्र चालवण्याआधी, काच तपासायचीच असा नियम आहे. खालची तोटी उघडायची, काच रिकामी होऊ द्यायची, तोटी बंद केली की पाणी झपकन परत वर येतंय ना ते बघायचं. यात मोठा फूत्कार होतो आणि काळपट गरम पाणी चौफेर उडतं. जवळ उभ्या असलेल्याचे कपडे गेलेच समजा.

मी खाली पाण्याच्या टाकीपाशी होते. मामाने विचारलं, "दाजी, काच?"

बाबांनी त्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं. "राहू दे. पाहुणे भिजतील."

मग थोरली चालू झाली. बाबा फार सुरेख चालवतात, ते नाकारता येणार नाही. बादली मातीत अशी शिरते की वाटावं, कुणी लोण्यात बोट घालतंय. मध्येच त्यांनी वळून काच पाहिली आणि ओरडले, "मेहुणे, पाणी पुरे! भरपूर आहे!" मामाने बॉयलरमध्ये पाणी सोडणारी तोटी बंद केली.

भट्टीच्या छतात पितळेचं एक बूच असतं, त्याच्या मधोमध शिसं भरलेलं. छतावर पाणी असेपर्यंत ते शिसं वितळूच शकत नाही, कारण उकळणारं पाणी उष्णता घेऊन जात राहतं आणि लोखंड फार तापत नाही. पाणी छताखाली गेलं की मात्र शिसं जातं, वाफ भट्टीत घुसते आणि आग विझवते. बॉयलर फुटण्याऐवजी बूच जातं. माणसं वाचतात, अब्रू जाते.

तसंच झालं. भक्क असा आवाज आला, भट्टीच्या दारातून राख आणि वाफ बाहेर आली, मामा उडी मारून बाजूला झाला. दांडा हवेत तसाच राहिला, बादलीत माती. आणि टाळ्या.

टाळ्या थांबायच्या आत बाबा वरूनच मामावर ओरडले, "पाणी कमी सोडलंस तू! लक्ष कुठे असतं तुझं?" मामाने तोंड उघडलं, पाहुण्यांकडे बघितलं आणि मिटलं. त्याच्या भुवया जळल्या होत्या.

आमच्या शेडमध्ये एक फळी आहे. ज्याच्या हातून बूच वितळलं त्याचं बूच फळीवर ठोकतात आणि खाली खडूने त्याचं टोपणनाव लिहितात. आजवर तिथे दोन बुचं होती. नवीन माणूस आला की बाबा त्याला ती फळी दाखवायचे आणि पोट धरून हसायचे. आता तिसरं बूच टेबलावर पडलं होतं, मध्ये आरपार भोक. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य, ते हातात घेऊन किडलेली दाढ बघावी तसं बघत होते. "बॉयलरच्या निरीक्षकबाई पुढच्या रविवारी येतील," ते म्हणाले. "ज्याची चूक असेल त्याला थोरलीवर चढता येणार नाही. नाव तेव्हाच लिहू."

मंगळवारी मी काचेच्या खालचा नट उघडला. साफ करायची तार आत जाईना. वाटेत क्षाराचा पांढरा, दगडासारखा थर होता. मी पाणी मऊ करते, पण क्षार कमी होतो, संपत नाही. म्हणून तर काच तपासायची असते.

घरी तोपर्यंत बाबांची गोष्ट तयार झाली होती. रविवारी रात्री जेवताना ती दोन वाक्यांची होती. मंगळवारपर्यंत तिला हातपाय फुटले. "मी स्वतः काच तपासली. पाणी गेलं, आलं. मग मी लिव्हरवर. मागे डोळे आहेत का मला?" आईने ताटात भाजी वाढता वाढता हात थांबवला आणि तिथूनच भावाला फोन लावला.

"अरे, तुझं लक्ष कुठे होतं? यांचा जीव गेला असता! बायको गेल्यापासून तू असाच झालायस, कशात मन नाही तुझं..."

पलीकडून मामा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. फार काही म्हणाला नसावा. बाबा ताटाकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी पाण्याच्या तांब्याकडे बघत बसले. स्वतः काही केलं नसताना कान तापतात हे मला तेव्हा कळलं.

आई आत गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, काच तपासली नव्हती."

"तू वर होतीस का?"

"तुमचं बोलणं ऐकलं मी. आणि फूत्कार झालाच नाही. तो झाला असता तर सगळ्या खाणीला ऐकू आला असता."

त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. "घरातली गोष्ट घरात राहू दे. मामाला काय, दुकान आहे, गिऱ्हाईक आहे. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

मी ताटं उचलायला लागले. त्यांनी ते होकारासारखं घेतलं.

रविवारी शेडच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो. निरीक्षकबाई थर्मासमधून स्वतःचा चहा आणतात, कुणाचा घेत नाहीत. त्यांनी बूच उजेडात धरलं, खाली ठेवलं.

"काच कोणी तपासली?"

"मी," बाबा म्हणाले. "नेहमीसारखी."

मामाने मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही. निरीक्षकबाई माझ्याकडे वळल्या. "फिटिंग तुम्ही उघडलंत?"

"हो. खालची वाट क्षाराने पूर्ण बंद होती. शेवटी ड्रिल लावावं लागलं."

"एका दिवसात होतं का असं?"

"नाही. घट्ट, एकसंध थर होता. तो त्या सकाळी बसलेला नाही."

"म्हणजे सकाळी काच तपासली असती तर..."

"रिकामी झालेली काच परत भरली नसती."

दंतवैद्य छताकडे बघू लागले. मला वाटलं, आता बाबा सांगतील. बोलायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती.

पण बोलला मामा. "मी सांगतो. दाजी तपासणारच होते. मीच म्हटलं, राहू द्या, पाहुणे भिजतील." आणि तो हसला. "शिंपी आहे ना मी. पांढऱ्या कापडाला डाग म्हटलं की हात आखडतो. तसंच पाणीही मीच बंद केलं."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं असतं. कुणीतरी हलकेच हसलंसुद्धा. निरीक्षकबाईंनी बाबांना विचारलं, "असं झालं का?"

बाबांनी घसा खाकरला. "हो. तसंच काहीसं. मला नीट आठवत नव्हतं."

आठवडाभरात जे काही ऐकलं होतं त्यात हे सगळ्यात वाईट होतं. खोटं त्यांचं स्वतःचं होतं तोवर ते निदान ताठ बसून बोलत होते. आता दुसऱ्याने दिलेलं खोटं त्यांनी घेतलं, आणि घेताना खांदे पाडले.

"ते वाक्य मामाचं नाही," मी म्हणाले. "बाबांचं आहे. मी टाकीपाशी होते. मामाने विचारलं, 'दाजी, काच?' त्यावर बाबा म्हणाले, 'राहू दे, पाहुणे भिजतील.' पाणी बंद करायलाही बाबांनीच सांगितलं. काच भरलेली दिसत होती म्हणून."

माझा आवाज प्रयोगाचे आकडे वाचून दाखवावेत तसा लागला होता. बाबांचे कान लालभडक झाले. ते टेबलावरचं बूच उगाच फिरवत बसले. मी खरंच बोलले होते, आणि तरी मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं.

निरीक्षकबाईंनी निकाल दिला. बाबांना पुन्हा परीक्षा देईपर्यंत चालवता येणार नाही. मामा कोळशावर राहील. "आणि तुम्हाला," त्या मामाला म्हणाल्या, "खोटं सांगितल्याबद्दल लेखी समज."

"जन्मात पहिल्यांदा कुणी मला काही लिहून देतंय," मामा म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

आम्ही मामाच्या गाडीतून येतो-जातो. पुढे बाबा आणि मामा, मागे शिवून झालेले कपडे हँगरवर, त्यांच्यात मी. त्या दिवशी बाबा आधीच मागे चढले, म्हणून मी पुढे बसले. आरशातून बघितलं तर कुणाच्या तरी कोटांच्या ओळीखाली त्यांचे बूट तेवढे दिसत होते.

"तुला कुणी सांगितलं होतं?" मामाने हळू आवाजात विचारलं.

"कुणीच नाही."

"मी निस्तरत होतो ना."

"फळीवर तुझं नाव गेलं असतं. थोरलीवर चढू दिलं नसतं तुला."

"शिंप्याचं नाव फळीवर गेलं काय नि न गेलं काय. तो माणूस महिनाभर त्या एका दिवसाची वाट बघतो."

"आणि तू?"

मामाने गिअर बदलला. बायको गेल्यावर पहिल्यांदा तो घराबाहेर पडला तो थोरलीसाठी, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मागून आवाज आला, "मेहुणे, इथेच थांबवा. मी चालत येतो."

"मागचं दार आतून उघडत नाही, दाजी."

"बाहेरून उघडा मग."

"घरी गेल्यावर उघडतो."

पुढे बराच वेळ नुसते हँगर वाजत राहिले.

घरापाशी मामाने दार उघडलं. वर यायला तो तयार नव्हता; गिऱ्हाईक यायचंय म्हणाला. आईच्या फोननंतर तो आमच्या घरात आलाच नव्हता; सकाळीही खालूनच हॉर्न वाजवला होता. जिना चढताना बाबा माझ्यापुढे होते. कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर ते किंचित थांबत होते. मला वाटलं, दम लागलाय.

आईने दार उघडलं. हातात फडकं. "काय झालं? काढलं का त्याला?"

बाबांनी बूट काढले नाहीत, आत पाऊलही टाकलं नाही. "काच मी तपासली नव्हती," ते म्हणाले. "त्याने विचारलं होतं. मी नको म्हटलं. मग त्याच्यावर ढकललं. आजही त्याने स्वतःवर घ्यायला बघितलं आणि मी घेऊ देत होतो. हिने सांगितलं म्हणून टळलं."

वाक्यं छोटी होती, एकामागून एक, कुठेही न अडखळता आलेली. म्हणजे ते दम खात नव्हते, वाक्यं जुळवत होते.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी रागाने ताठ झाला, मग त्यात दुसरंच काही आलं. "आणि मी त्याला फोनवर... त्याच्या बायकोचं काढलं मी." तिने फडकं माझ्या हातात कोंबलं. "कुठंय तो?"

"खाली."

"वर का नाही आला?"

आई घरातल्याच चपला घालून आमच्या मधून वाट काढत जिना उतरू लागली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईची हाक, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी.

"थांबला का?" बाबांनी विचारलं.

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. "थांबला."

बाबा उंबऱ्यावरच बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती, सुटत नव्हती. एरवी मी वाकून सोडली असती. पण तेव्हा माझा चेहरा त्यांना इतक्या जवळ नको असणार, म्हणून फडकं हातात धरून मी कठड्यापाशीच, त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.