बर्तोमेचे बैल

"पंप मार, ओरेस्ते. दाब उतरतोय."

"मारतोयच की. हात आहेत माझे, इंजिन नाही," ओरेस्ते ओरडला. एका हाताने तो पेट्रोलच्या टाकीतला दाब चढवत होता आणि दुसऱ्याने गाडीची कड घट्ट धरून बसला होता. चालकाशेजारी बसून पंप मारणं, मागून कोण येतंय ते बघणं आणि मेरी मातेचा धावा करणं ही मेकॅनिकची कामं. नऊ वर्षं तो ती एवासिओच्या शेजारी बसून करत आला होता.

एवासिओच्या चष्म्यावर धुळीचा थर होता, दातांत रेती होती आणि छातीत आनंद मावत नव्हता. शेवटची फेरी चालू होती आणि पुढे कुणीच नव्हतं. आजवर तो दुसरा आला होता, तिसरा आला होता, एकदा तर चाक निखळून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला होता. पहिला मात्र कधीच आला नव्हता. पुढच्या वर्षी कारखान्याचे मालक ही गाडी कुणा सरदाराच्या पोराला देणार होते. म्हणजे जिंकायचं तर आजच. त्यात शर्यतीचा रस्ता यंदा नेमका त्याच्या गावावरून जात होता.

गावाच्या वळणावर द्राक्षमळ्याच्या बांधावर सगळं गाव जमलं होतं. इथे वेग कमी करायला हवा, हे एवासिओला चांगलं ठाऊक होतं. पण आपलं गाव बघतंय म्हटल्यावर कुणाचा पाय मागे येतो? मागची चाकं घसरली, गाडी आडवी फिरली आणि एक चाक ओढ्याच्या चिखलात आसापर्यंत रुतलं.

"घातलास घोळ," ओरेस्ते म्हणाला.

दोघं उड्या मारून खाली उतरले. नियम साधा होता. वाटेत गाडीला हात लावायचा तो गाडीतल्या दोघांनीच. तिसऱ्याने नुसतं ढकललं तरी शर्यतीतून बाद. पाद्रीबाबांनी सकाळीच देवळात तसं बजावलं होतं, म्हणून गावकरी तळमळत होते, पण बांधावरून कुणी खाली उतरत नव्हतं. दोघांनी फळी घातली, खांदे लावले, तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. गाडी जरा हलायची आणि पुन्हा बसायची. लांबून मागच्या गाडीची घरघर ऐकू येऊ लागली.

तेवढ्यात गर्दी फाकली. पांढऱ्या बैलांची जोडी उतारावरून खाली आली आणि तिच्याबरोबर बर्तोमे, एवासिओचा बाप. हा वाइनची पिंपं वाहणारा गाडीवान. पोराने कासरा टाकून तुरिनचा मोटारींचा कारखाना गाठला, तेव्हापासून तो त्याच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. पुढे जनावर नाही तिला मी गाडी म्हणत नाही, एवढं बोलून त्याने जे दार लावलं ते लावलंच. पाद्र्याशीही त्याचं भांडण असल्यामुळे तो देवळाची पायरी चढत नसे. नियमबियम त्याच्या कानावर आलाच नव्हता.

कुणाकडे न बघता तो चिखलात उतरला आणि साखळी आसाला अडकवू लागला.

"अहो काका, थांबा..." ओरेस्ते पुढे झाला. एवासिओने त्याचं मनगट धरलं. बाबा, हात लावू नका, एवढंच तर बोलायचं होतं. पण समोर बापाची पाठ होती. ती म्हातारी झाली होती आणि त्याच्या गाडीसाठी चिखलात वाकली होती. एवासिओने ओरेस्तेचं मनगट सोडलं नाही.

"चल मोरो. चल बिओन्दो," म्हातारा म्हणाला. बैलांनी माना खाली घातल्या आणि गाडी सरसर रस्त्यावर आली. मग त्याने पोराकडे बघितलं. "आता पळव. मागचा येतोय."

एवासिओने पळवली. अशी त्याने उभ्या आयुष्यात पळवली नव्हती. पूल, वळणं, चिंचोळे चढ मागे पडत गेले. धुळीमागच्या गाडीला त्याने शेवटपर्यंत पुढे येऊ दिलं नाही. तो मोठमोठ्याने गात होता आणि ओरेस्ते पंप मारता मारता त्याला साथ देत होता. झेंडा पडला तेव्हा लोकांनी दोघांना खांद्यावर घेतलं आणि एवासिओच्या गळ्यात हिरव्या पानांचा हार पडला.

ओरेस्ते त्याच्या कानाशी लागला. वळणावर एकही पंच नव्हता, गाव काही बोलणार नाही, म्हाताऱ्याला तेवढं गप्प बसायला सांग.

एवासिओ हसला आणि हसता हसता थांबला. बाप या क्षणी कुठे असेल आणि काय सांगत असेल ते त्याला दिसत होतं. चौकात बैल उभे करून, येईल त्याला थांबवून तो तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असणार.

"नऊ वर्षं गप्प बसलाय तो," एवासिओ म्हणाला. "आता पुन्हा गप्प बस, असं नाही सांगायचं मी."

तो पंचांच्या मांडवात गेला आणि काय घडलं ते त्याने सांगून टाकलं. बाहेर आला तेव्हा गळ्यात हार नव्हता. वाईट वाटलं, नाही असं नाही.

संध्याकाळी गावाच्या वाटेवर बैल पुढे चालले होते. एवासिओने गाडी हळू केली आणि त्यांच्या मागेच ठेवली.

"जिंकलास?" बर्तोमेने वळून न बघता विचारलं.

"पहिला पोचलो, बाबा."

"मग ते गळ्यात घालतात ते पानांचं कुठाय?"

"दुसऱ्याला दिलं."

म्हाताऱ्याने जरा विचार केला. "बरं केलंस. या दोघांनी खाल्लं असतं. चल, जेवायला घरी."

पुढे वाटेत जिथे दार उघडं दिसेल तिथे बर्तोमे पराणीने मागे दाखवून सांगत होता, "माझ्या बैलांनी काढली ही." आणि दर वेळी मागून एवासिओ भोंगा वाजवत होता.