भिंतींच्या आधीची चौकट

चंद्रव्वांच्या घराला दाराची चौकट होती. उंबरा होता, उंबऱ्यावर हळदीकुंकू होतं, वर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. घर तेवढं नव्हतं.

होटगी रस्त्याकडच्या नव्या वस्तीत, आमच्या अगदी समोरच्या दोन गुंठे मोकळ्या जागेत ही चौकट एका सोमवारी सकाळी उभी राहिली. खाली चार विटा, दोन्ही अंगांना बांबूचे टेकू. इकडून पाहिलं तर तिच्यातून बाभळी दिसत, तिकडून पाहिलं तर आमचा व्हरांडा आणि पेपर वाचणारा मी. दुपारी एक कुत्रं चौकटीला वळसा घालून जागेत शिरलं. चंद्रव्वांनी त्याला हाकललं, पण हाकलताना चौकटीतूनच बाहेर काढलं. शिस्त पहिल्या दिवसापासून लागलेली बरी.

त्यांचं तरी काय चुकलं? अडतीस वर्षं त्या भाड्याच्या खोल्यांत राहिल्या, आणि प्रत्येक खोलीचं दार दुसऱ्याच्या मालकीचं. बारा वर्षांपूर्वी माहेराहून, दुधनीहून, भावानं सागवानी चौकट करून पाठवली. सोबत निरोप होता, "अक्का, दार मी दिलं, घर तू बांध." तेव्हापासून चौकट त्यांच्याबरोबर तीन खोल्या फिरली. पहिलीत ती पलंगामागं उभी होती, दुसरीत तिच्यावर कपडे वाळत, तिसरीत तिच्या आत देव मांडले होते. शेवटी मुलानं, गुरुशांतनं, ही जागा घेतली. गुरुशांत टॉवेलच्या कारखान्यात घडी घालणाऱ्यांवर सुपरवायझर आहे. त्याच्या हातून वाकडी घडी जात नाही आणि तोंडातून खोटं निघत नाही. यातल्या दुसऱ्या सवयीनं पुढं घोटाळा केला.

दोन खोल्यांच्या बांधकाम परवान्याचा अर्ज भरायला घेतला, आणि त्याच आठवड्यात मठातल्या अय्यांनी सांगितलं की चौकट उभी करायचा मुहूर्त येत्या सोमवारी आहे. तो चुकला तर थेट मार्गशीर्षात. परवाना कधी येणार हे अय्यांच्या पंचांगात नव्हतं. तेव्हा आधी चौकट, मग परवाना, मग पाया, मग भिंती असा क्रम घरात एकमतानं ठरला. सिद्धराम गवंड्यानं टेप धरून जागा काढून दिली. नारळ फुटला, पेढे वाटले. मलाही दोन मिळाले.

इथवर सगळं ठीक होतं. पण ऑनलाइन अर्जात एक रकाना भरायचा राहिला होता. जागेच्या सद्यस्थितीचा फोटो. गुरुशांतनं 'सद्यस्थिती' मनावर घेतली आणि पूजेच्या दिवशीचाच फोटो चढवला. मधोमध चौकट, चौकटीत इरकल नेसलेल्या चंद्रव्वा, डावीकडं सून महेश्वरी, उजवीकडं स्वतः, आणि तिघांच्याही तोंडावर घर झाल्याचा आनंद.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. "जागेवर परवानगीपूर्व बांधकाम आढळून येते. समक्ष पाहणी करण्यात येईल."

नकाशा काढणारा इंजिनिअर शिवराज मोटारसायकल धड स्टँडवर न लावताच जागेवर आला.

"काका, फोटो कुणी टाकला?"

"मी," गुरुशांत म्हणाला.

"आधीचा एखादा नव्हता काय? नुसत्या मातीचा?"

"होता की. पण सद्यस्थिती मागितली होती."

शिवराज म्हणाला, "आठ वर्षं फायली करतोय मी. सद्यस्थिती मागितल्यावर सद्यस्थिती देणारा पहिला माणूस बघितला."

मग त्यानं सोपा उपाय सांगितला. पाहणीच्या आधी चौकट काढायची, आडवी करून खोलीवर नेऊन ठेवायची. परवाना आला की पुन्हा बसवायची.

चंद्रव्वा उंबऱ्याशी शेंगा निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पूजा झालेली चौकट आडवी करायची, म्हंजे घर पाडायचं की. बांदायच्या आदीच पाडलेल्या घरात मी न्हाय यायची. तुमी रावा. मी जाते दुधनीला."

हे त्या चिडून बोलल्या असत्या तर कुणी समजूत काढली असती. त्या शेंगा निवडत बोलल्या, त्यामुळं समजूत काढायला कुणी धजलं नाही. राहत्या खोलीच्या मालकानं दिवाळीपर्यंत जागा परत मागितली होती. चौकट राहिली तर फाईल परत येणार, आणि चौकट काढली तर आई येणार नाही. गुरुशांतला घर हवं होतं, पण आईशिवायचं नको होतं. दोन दिवस कारखान्यात त्याच्या हातून वाकड्या घड्या गेल्या, असं महेश्वरीनं आमच्या घरी येऊन सांगितलं.

गुरुवारी अकरा वाजता पाहणीला महापालिकेच्या अंकिता सुर्वे मॅडम आल्या. वय अठ्ठावीसच्या आसपास, स्कूटर, तोंडाला स्कार्फ, काखेत फाईल. त्या सरळ बाजूच्या मोकळ्या मातीतून येऊ लागल्या.

"बर्री, बर्री," चंद्रव्वा उंबऱ्यातून म्हणाल्या. 'या' म्हणायला त्यांना कानडीच सुचतं. "हिकडनं या. दार हितं हाय."

मॅडमनी चौकटीकडं पाहिलं. मग चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या सताड मोकळ्या जागेकडं पाहिलं. मग चपला बाहेर काढल्या आणि चौकटीतून आत आल्या. मीही मागोमाग तसाच गेलो. शेजाऱ्यांनी नियम पाळायलाच हवेत.

आत, म्हणजे उन्हात, चटई अंथरली होती; गुरुशांत, शिवराज आणि सिद्धराम आधीच येऊन उभे होते. ताटलीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही आलं.

"आजी, मी ड्यूटीवर आहे."

"मग भाकरी काय सुट्टीवर हाय? खावा."

मॅडमनी एक तुकडा मोडला, तो संपेपर्यंत कागद चाळले, मग टेप काढून पुढच्या हद्दीपासून चौकटीपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं.

"पुढं तीन मीटर सोडायला हवेत. हे दोनच आहेत."

"म्या तीनच सोडलेत की," सिद्धराम म्हणाला.

"कुठून मोजले?"

"गटारीपासनं."

"हद्दीपासून मोजायचे असतात."

"आमी समदी घरं गटारीपासनंच मोजतो, मॅडम."

"माहीत आहे. म्हणूनच मला फिरावं लागतं."

आता एकाच्या दोन चुका झाल्या. शिवराज बाभळीकडं बघत उभा राहिला. मॅडमनी वाकून उंबऱ्याखाली पाहिलं.

"ही जमिनीत पुरलेली नाही?"

"न्हाय. विटांवर हाय," सिद्धराम म्हणाला.

"मग हलते का? हलत असेल तर सामान. हलत नसेल तर बांधकाम. मला दोन्हींतलं एक लिहायचंय."

"हलते," शिवराज म्हणाला.

"न्हाय हलत," चंद्रव्वा म्हणाल्या. दोघं एकाच वेळी बोलले.

मॅडमनी पेन उघडलं, पण कागदाला लावलं नाही. "आजी, मी मोडनिंबची. आमची आई अजून रोज सकाळी उंबरा धुतल्याशिवाय चहा घेत नाही. मला कळतं. पण जे नाही ते मी लिहिणार नाही."

"लिहू पण नका, मॅडम," गुरुशांत म्हणाला.

शिवराजनं डोळे मिटून घेतले.

चंद्रव्वा उठल्या. चौकटीच्या उभ्या लाकडावरून त्यांनी हात फिरवला, जसा म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग मॅडमना विचारलं, "किती हलवायची?"

"मागं, एक मीटर."

"मीटर म्हंजे केवढं?"

मॅडमनी दोन्ही हात पसरून दाखवले.

"आडवी करावी लागंल?"

"उभी राहिली तरी माझी काही हरकत नाही."

"मग ह्ये आदी सांगायचं की," चंद्रव्वा शिवराजला म्हणाल्या. "सिद्धरामेश्वराच्या काठ्या संक्रांतीला अख्ख्या गावातनं फिरत्यात. उभ्यानंच फिरत्यात. म्हणून कुणी देऊळ पाडलं म्हणतंय काय? उभ्यानं नेली तर ती मिरवणूक असती. मिरवणुकीला कशाला मुहूर्त लागतोय? महेश्वरी, ताट आन ग."

महेश्वरीनं पितळी ताट आणि उलथनं आणलं. टेकू काढले. एका अंगाला सिद्धराम आणि शिवराज, दुसऱ्या अंगाला गुरुशांत आणि मी. चौकट चार बोटं उचलली. उंबरा वाटेत भुईला टेकवायचा नाही, अशी चंद्रव्वांची अट होती. सिद्धरामनं "हर्र बोला हर्र" केलं, ताट वाजू लागलं आणि मिरवणूक निघाली.

रस्त्यानं चाललेला एक मोटारसायकलवाला थांबला. कुठल्या देवाची, असं त्यानं मला विचारलं. घराची, म्हणालो. तो गाडी लावून आला आणि त्यानंही हात लावला. एक मीटर जायला आम्हाला आठ मिनिटं लागली. वाटेत चंद्रव्वांनी दोनदा थांबवून पाण्याची धार सोडली, एकदा नारळ कुठं ठेवला ते आठवेना म्हणून सगळे चौकट धरून उभे राहिले. मॅडम टेप घेऊन शेजारून चालत होत्या.

"अजून दहा सेंटिमीटर," त्या म्हणाल्या.

"हर्र," मोटारसायकलवाला म्हणाला.

"बास. इथं."

सिद्धरामनं विटा सरकवल्या. चौकट टेकली, नारळ फुटला. मॅडमनी फोटो काढला आणि उभ्याउभ्याच शेरा लिहिला. चंद्रव्वांनी तो वाचून दाखवायला लावला. "जागेवर बांधकाम नाही. लाकडी सामान ठेवलेले असून ते हलते. समक्ष हलवून पाहिले. पुढील अंतर नियमानुसार."

"सामान?" चंद्रव्वा म्हणाल्या.

"कागदावर, आजी."

"मग चालतंय. कागदावर काय बी असू दे."

मॅडमनी उरलेली भाकरी कागदात गुंडाळून घेतली, फाईल काखेत मारली आणि सवयीनं बाजूच्या मातीतून स्कूटरकडं निघाल्या. पाचसहा पावलं गेल्यावर थांबल्या. परत आल्या, चौकटीतून बाहेर पडल्या. आठ मिनिटांपूर्वीच्या उंबऱ्यापाशी राहिलेल्या चपला आता एक मीटर पुढं, अंगणात पडल्या होत्या. तिथंपर्यंत अनवाणी चालत गेल्या. जेठातलं ऊन होतं.

परवाना अकराव्या दिवशी आला. पाया भरून झाला, भिंती आता माझ्या कमरेएवढ्या झाल्यात. व्हरांड्यातून चौकटीपलीकडच्या बाभळी मला अजून दिसतात. स्लॅब पडेपर्यंत दिसतील. चंद्रव्वा रोज सकाळी येऊन उंबरा धुतात आणि मग गवंड्यांना दारातून आत घेतात. घमेली घेऊन आलेल्यालाही.

ते कुत्रंही आता चौकटीतूनच जातं. भिंती आल्यामुळं दुसरी वाट उरली नाही, असं माझं म्हणणं. चंद्रव्वांचं म्हणणं तसं नाही.