दोनशे अकरावी मेंढी

दोनशे दहा हा आकडा म्हणजे निव्वळ गरीब गाय. कुणीही यावं आणि वाटून घ्यावं! पाटोद्याच्या माळावर सासरची मेंढरं नेमकी तेवढी भरली, तेव्हा बबितानं ती पुन्हा दोनदा मोजून पाहिली. थोरला दीर उत्तरेश्वर आणि धाकटा शहादेव वाटणीला टपलेलेच होते. मधला अंगद, म्हणजे बबिताचा नवरा, थोरल्याच्या शब्दाबाहेर कशाला जातोय! मेंढरं तीन ठिकाणी गेली की सासूबाईही तीन घरी, महिना इथं, महिना तिथं. चतुराबाईंना त्या फिरतीचंच भ्या होतं.

बबिता गणितात बीएस्सी. तिनं माहेरची एक मेंढी आणून गुपचूप कळपात सोडली. झाली दोनशे अकरा. मूळ संख्या! एक आणि ती स्वतः सोडली, तर कुणाच्या बापाला भाग जायचा नाही. चार कोटींहून जास्त अंकांची मूळ संख्यासुद्धा सापडलीय म्हणे जगात. बबिताचं काम एवढ्याशीवर भागणार होतं.

घराण्याची रीत अशी, की मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाड्याचं तोंड उघडायचं आणि भावांनी आळीपाळीनं एकेक मेंढी ओढायची. शेवटचा फेरा भरला नाही, की देवाची मर्जी नाही, वाटणी मोडली.

तिघांनी ओढली. एक उरली. गळ्यात घंटी असलेली, सासूबाईंची जुनी ढवळी. चतुराबाई वाड्यात बसून तिचा कान खाजवत होत्या.

"आईचा आन ताईचा वाटा धरा," उत्तरेश्वर म्हणाला. सगळी मेंढरं परत आत. पाच वाटे, तरी एक उरली. ढवळीच. देवाचा वाटा धरला, मामाचा धरला, सात झाले. उरली ढवळी! मेंढरं आत-बाहेर करून शहादेवाचा घसा बसला.

"कावून उरती बे ही?"

"मला काय ठावं, भाऊजी? देवाची मर्जी," बबिता पदराआडून म्हणाली.

उत्तरेश्वर भडकला. "खड्ड्यात गेली रीत! तिघांचे तीन वाटे. उरलेली एक आईला!"

बबिताचं तोंडच उतरलं. गणितात असं चालत नाही, पण हा माणूस गणितात बसतोय कुठं?

मेंढरं पुन्हा तीन घोळक्यांत उभी राहिली. चतुराबाई काठी टेकत उठल्या.

"मला ढवळी एकटीच? कबूल?"

"कबूल."

"बिरोबाची आण?"

"बिरोबाची आण!"

म्हातारीनं ढवळीला बाहेर काढलं आणि चालू लागली. घंटी वाजली. आधी अंगदच्या घोळक्यानं माना वर केल्या, मग शहादेवाच्या, मग उत्तरेश्वराच्या. ज्या घंटीमागं मेंढरं रोज रानात जायची, तिच्यामागं सगळीच्या सगळी धुरळा उडवत निघाली. भाऊ शेपट्या धरायला धावले, कशाचं काय!

"आई, थांब की! आमची मेंढरं!"

"मग हाकून न्या की रे आपापली. मी कुठं अडवलंय?" चतुराबाई वळल्यासुद्धा नाहीत. "मी माझी एक घेऊन माझ्या घरी चालले."