नऊ नंबरची निळी बंडी

माझं कुणी ऐकलं नाही. डाग माझ्या छातीवर होता. तो काही मी लपवला नव्हता. चांगली शिकलेली माणसं मला हातात धरून बघत होती, तरी कुणी विश्वास ठेवला नाही. त्या पोरीच्या आईवर नाही ठेवला, दुसऱ्या पोरीवर नाही ठेवला, मग माझ्यासारख्या चिंधीवर कोण ठेवणार?

मी नऊ नंबरची निळी बंडी बोलतेय. फुटबॉलच्या सरावाला पोरं सदऱ्यावरून चढवतात ना, बिनबाह्यांची, जाळीच्या कापडाची, ती मी. शाळा काही मी शिकले नाही. छातीवर एक आकडा छापून दिला, तेवढंच माझं शिक्षण. पण तेवढा एक आकडा मला पक्का येतो, आणि त्याच्यावरून काय घोळ झाला तो मी नीट सांगणार आहे. मध्ये बोलू नका.

पत्र्याच्या छपराखाली, शिवणयंत्रांच्या खडखडाटात माझा जन्म झाला. मला शिवणारी बाई तोंडात टाचण्या धरून बोलायची, म्हणून तिचं अर्धं बोलणं शेजारणीला कळायचंच नाही. माझ्या काखेची शिवण तिनं दोनदा मारली. "पोरं ओढाताण करतात गं, एका शिवणीवर टिकायची नाही," म्हणाली. ती शिवण अजून शाबूत आहे. बाकी सगळी मी उसवले.

तिथून आमचा गठ्ठा एका क्लबात आला. मैदानाच्या कडेला एक बुटकी खोली, त्यात हवा भरायचा पंप, जाळ्यात बांधलेले चेंडू, नारिंगी कोनांची चवड आणि कुणाचे तरी विसरलेले ओले मोजे. त्या वासात मी वाढले. लहान पोरांच्या घामाला वास नसतो म्हणतात. म्हणणाऱ्यानं एकदा आमच्या खोलीत बसून बघावं.

आता हा क्लब चालायचा कसा ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सहा-सात वर्षांची पोरं. त्यांचे दोन भाग केलेले. एक निवड संघ. त्यांना आठवड्यात तीन संध्याकाळी सराव, स्वतंत्र सर, दुसऱ्या गावांच्या संघांशी सामने आणि ज्याचा त्याचा स्वतःचा सदरा, पाठीवर स्वतःचा नंबर. दुसरा शनिवार गट. शनिवारी सकाळी एकदा यायचं, अंगात आम्हाला घालायचं, आईबापांपैकी कुणीतरी शिट्टी वाजवायची आणि दोन तास धुडगूस घालून घरी जायचं. दरवर्षी नव्यानं निवड. मागच्या वर्षी तुम्ही कुणी का असाना, यंदा पुन्हा रांगेत.

मैदान लहान, गोल लहान, एका बाजूला चारच पोरं. गोल अडवायला पाळीपाळीनं उभं राहायचं, कारण त्या वयात तिथं कायमचं कुणाला उभं करायचं नाही असा नियम. चांगला नियम होता तो. क्लबात चांगले नियम पुष्कळ होते. निवडीच्या दिवसाचाही नियम चांगलाच होता. निवडणारे तिघं बाहेरून बोलावलेले. त्यांना एकाही मुलाचं नाव माहीत नसायचं. आईबाप कडेला दोरीपलीकडे, तोंडाला कुलूप लावून उभे. नावानं हाक मारायची नाही. ओळख नको, वशिला नको. निवडणाऱ्यांनी फक्त आमच्याकडे बघायचं. बंडीचा नंबर बरा खेळला की तो नंबर आत.

म्हणजे त्या दिवशी पोरं नसायचीच. आम्हीच असायचो.

आणि एक गोष्ट आईबापांना कुणी सांगत नसे. पहिल्या डावातच बहुतेक निकाल लागायचा. ही घ्यायची, ही नाही घ्यायची, हे तेव्हाच ठरायचं. दुसऱ्या डावात निवडणारे फक्त मधल्यांकडे बघायचे, ज्यांचं काही ठरत नव्हतं त्यांच्याकडे. ठरलेली पोरं नुसती पळायची. त्यांच्याकडे कुणी बघत नसायचं, आणि ती जीव तोडून पळायची.

त्या वर्षी मी जिच्या अंगात गेले तिला सगळे भिंगरी म्हणायचे. सात वर्षांची, काटकुळी, पुढचे दोन दात पडलेले. चेंडू पायात आला की गरगर फिरून कुठून निसटायची ते समोरच्याला कळायचं नाही. तिची आई बेकरीत कामाला. निवडीच्या दिवशी ती सुट्टी काढून आली होती, तरी मला पोरीच्या अंगात घालताना तिच्या हाताला भाजक्या पावाचा वास येत होता.

"आई, निवड नाही झाली तर?"

"होईल."

"नाही झाली तर शनिवारी येऊ?"

"शनिवारी कसं येणार, राणी? शनिवारीच तर बेकरीत पाय ठेवायला जागा नसते. तुला आणणार कोण? मोकळी मी असते ती संध्याकाळी."

"म्हणजे संध्याकाळवालाच संघ पाहिजे."

"संध्याकाळवालाच पाहिजे. जा, पळ. आणि नाक ओढू नकोस, नाहीतर परत रक्त येईल."

तेव्हा कळलं मला. बाकीच्या पोरांचं काय, आत नाही तर बाहेर, शनिवार होताच. या पोरीला मात्र आत नाही तर काहीच नाही.

पहिला डाव ती काय खेळली! मी तिच्या अंगावर होते, मला विचारा. तिची छाती माझ्याखाली धडधडत होती आणि पाय मात्र कसलीच घाई नसल्यासारखे. दोन गोल स्वतः केले. तिसरा करता आला असता, पण शेजारी एक बारकं पोर ताटकळत उभं होतं, त्याच्या पायात चेंडू दिला. खुर्चीवरचा निवडणारा पुढे वाकला. त्यानं शेजारच्याला हळूच कोपर मारलं. "नऊ," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "नऊचं काय विचारतोस." झालं. माझं ठरलं.

त्याच मैदानावर चौदा नंबरची बंडी घालून मनी होती. गोड पोर, पण पळायचा कंटाळा. चेंडू एकीकडे आणि ही दुसरीकडे उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघतेय. तिचे बाबा दोरीपलीकडून दात ओठ खात खुणा करायचे. चौदाचंही तेव्हाच ठरलं, बाहेर.

पाण्याची सुट्टी व्हायला आली आणि कुणाचं तरी डोकं भिंगरीच्या नाकावर आपटलं. भळाभळा रक्त. माझ्या छातीवर ओघळ.

लहान गटाला दोन सर होते. मोठे सर सगळ्या क्लबाचे, धाकटे सर त्यांच्या हाताखाली. धाकटे सर धावत आले. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखतं. गुडघ्यावर बसून त्यांनी तिचं नाक चिमटीत धरलं, कापूस घातला, "वाघीण आहेस तू, वाघीण" म्हणाले. मग म्हणाले, "बंडी काढ बघू." तिनं मला डोक्यावरून ओढून काढलं. सरांनी मला नळाखाली चोळलं, पिळलं आणि परत तिच्यापुढे धरलं.

"ती नको! त्यात रक्त आहे!"

"धुतली ना बाळा."

"नको!"

जादा बंडी नव्हती. सगळ्या अंगावर होत्या. तेवढ्यात मनी म्हणाली, "मला द्या ती. गार गार आहे. मला उकडतंय." सर हसले. मनीची चौदा भिंगरीला घातली, मी मनीच्या अंगावर गेले. "मी सांगतो हं निवडणाऱ्यांना," असं सर म्हणाले. माझ्या या भोकाभोकाच्या कानांनी मी ते ऐकलं. आणि शिट्टी वाजली. पलीकडच्या मैदानावर दोन पोरं एकमेकांच्या झिंज्या ओढत होती, सर तिकडे पळाले. सांगायचं राहून गेलं.

दुसरा डाव. मी मनीच्या अंगावर, ओली, मुंग्यांशेजारी. आणि समोर चौदा नंबर घालून भिंगरी पळतेय. नाकात कापूस, तोंडानं श्वास. पहिल्यापेक्षा बरी खेळली ती. एकदा तर तिघांच्या मधून चेंडू काढला आणि वळून खुर्च्यांकडे पाहिलं, कुणी बघतंय का.

खुर्च्या दुसऱ्या मैदानाकडे वळवलेल्या होत्या.

संध्याकाळी सगळी पोरं गवतावर बसवली. मोठे सर पायरीवर उभे राहून नंबर पुकारू लागले. पुकारला तो उभा राहायचा, टाळ्या पडायच्या.

"नऊ!"

मनी उठली. आणि पलीकडे भिंगरीही उठली. सकाळपासून ती नऊच होती ना! आईनं सांगितलं होतं, तू नऊ. पोरं फिदीफिदी हसली.

"अगं ए, खाली बस," धाकटे सर म्हणाले. "तू चौदा आहेस."

म्हटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या क्षणी त्यांना आठवलं. गळ्यातली शिट्टी त्यांनी मुठीत घट्ट धरली. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. पुढच्या वर्षी त्यांना स्वतःचा संघ मिळणार होता, मोठ्या सरांनी तसा शब्द दिला होता. त्यांनी शिट्टी सोडली आणि पोरांच्या टाळ्यांत टाळ्या मिसळल्या.

भिंगरी खाली बसली. चौदा काही पुकारला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. बेकरीतून सरळ, केसांत मैदा. मुलीला बरोबर घेऊन. मोठ्या सरांच्या टेबलासमोर उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"दोरीपलीकडून मी डोळ्यांनी बघितलंय. सरांनी बंड्या बदलल्या."

"ताई, इथे येणाऱ्या प्रत्येक आईनं काहीतरी बघितलेलं असतं. प्रत्येकीला आपलंच पोर निवडायला हवं होतं."

"मग ती नऊ नंबरची आणा. रक्त असेल तिच्यावर."

न धुतलेल्या ढिगातून मला उपसून आणलं. बाईनं मला टेबलावर पसरलं आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. डाग फिकट झाला होता, तपकिरी. पण होता.

"डाग काय, सगळ्याच बंड्यांवर असतात," मोठे सर म्हणाले. "चिखल असेल, सरबत असेल." मग ते धाकट्या सरांकडे वळले. "तू बदललीस का रे?"

धाकट्या सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या हातांनी धुतली गेलेली.

"आठवत नाही, सर. गडबड होती. पोरीच बदलतात कधीकधी, खेळ म्हणून."

मनीलाही बोलावलं होतं. अंगात नवा कोरा सदरा. ती सरळ बोलली, "सरांनी बदलली. मला उकडत होतं."

"गप्प बस!" तिचे बाबा खेकसले. "कालचं जेवण आठवत नाही तुला आणि बंडी आठवते? सर, लहान आहे हो. कुणी शिकवलं तसं बोलते." आणि त्यांनी बेकरीवाल्या बाईकडे असं बघितलं की ती जर माझ्यासारखी कापडाची असती तर तिथंच फाटली असती.

मोठ्या सरांना आता प्रकरण मिटवायचं होतं. ज्या पोरानं आपली बंडी आपण काढून अदलाबदल सुरू केली ते त्या वर्षी बाद, हा नियम होता. तोही चांगलाच नियम. ते भिंगरीसमोर वाकले, आवाजात मध घालून.

"बाळ, खरं सांग हं. ही बंडी तुझ्या अंगातून कुणी काढली?"

सात वर्षांचं पोर. खरं सांग म्हटलं की खरं सांगतं.

"मीच काढली."

"झालं!" मनीचे बाबा म्हणाले.

"पण सर म्हणाले होते..." ती पुढे बोलत होती. रक्ताचं, कापसाचं, वाघिणीचं, सगळं सांगत होती. पण मोठे सर उठले होते, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजात ते सगळं गेलं. आईनं काही वेळ मला धरूनच ठेवलं. मग घडी घातली, नीट, इस्त्रीच्या कपड्यासारखी, आणि टेबलावर ठेवली. दारातून जाताना भिंगरी विचारत होती, "मी खरं सांगितलं ना गं आई?" आईनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

ती पुन्हा आली नाही. येणार कशी? शनिवार बेकरीचा.

मनी निवड संघात गेली. सामन्यांच्या वेळी कडेच्या बाकावर बसून रडायची. सदरा सैल, मन त्याहून सैल. अर्ध्या वर्षात तिनं यायचं सोडलं आणि ती जागा तशीच रिकामी राहिली. एकीची घेतली आणि दुसरीला दिली, तीही वाया.

माझं काय, मी धुतले गेले, पुन्हा पुन्हा धुतले गेले. डाग गेला. नऊचं वरचं वेटोळं निघून आलं, आता तो नऊ आहे की काय आहे ते मलाच सांगावं लागतं. अंगात घालायच्या लायकीची मी राहिले नाही, तेव्हा मला खिळ्याला टांगलं. पाऊस झाला की ओले चेंडू पुसतात माझ्यानं. तक्रार नाही. चेंडू निदान खोटं बोलत नाहीत.

एवढंच सांगते. निवड करा, करू नका, तुमचा क्लब, तुमचे नियम. पण पोराच्या छातीवरचा आकडा बघून झाला की एकदा वर तोंडाकडेही बघा. तोंडं सारखी नसतात. आणि पोर बोलायला लागलं की खुर्ची सरकवू नका. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी टेबल डोक्यावर घेतलं असतं. नव्हतं, म्हणून आता बोलतेय, कुणी ऐकलं तर ऐका.

आता लहान गट धाकट्या सरांकडे आहे. त्यांना कुणी धाकटे म्हणत नाही. निवडीच्या दिवशी सकाळी ते नव्या पोरांना गवतावर बसवतात आणि नियम सांगतात. खोलीचं दार उघडं असतं, खिळ्यावरून मला सगळं ऐकू येतं. चेंडू हातानं धरायचा नाही. भांडायचं नाही. शेवटचा नियम सांगताना ते थोडं थांबतात, गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करतात.

"आणि बंडी बदलायची नाही. मागे एकीनं बदलली होती, तिला काढून टाकावं लागलं. कोण ती, माहितेय ना?"

या पोरांनी तिला कधी बघितलेलंसुद्धा नाही. थोरल्या भावंडांकडून ऐकलेलं असतं. तरी सगळी एका सुरात ओरडतात, "भिंगरी!"